मुळाक्षरं यादीत नव्हती

“एकही फाइल गेलेली नाही,” असं धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा वहिनींनी हातातला कप टेबलावर असा आदळला की कपाचा कान तुटून त्यांच्या बोटात अडकून राहिला. तो कान त्यांनी त्याला फेकून मारला नाही, एवढाच काय तो संयम.

“मग हे काय आहे?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“फाइल आहे.”

“वाच.”

धाकटा वाकला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्यांची चिन्हं, मधेच आकडे, सगळं एकमेकांत घुसलेलं. मांजराने कीबोर्डवरून चार फेऱ्या माराव्यात तसं.

“हे वाचायचं नसतं, वहिनी. हा फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. फाइल शाबूत आहे.”

“वाचता येत नाही, पण शाबूत आहे. वा! मग माणूस मेला तरी शाबूतच असतो की. हात आहेत, पाय आहेत, नाक जागच्या जागी आहे. तक्रार कसली करायची?”

धाकट्याने चष्मा काढून पुसला. उत्तर नसलं की तो चष्मा पुसायचा, आणि हे वहिनींना तो चौदा वर्षांचा होता तेव्हापासून माहीत होतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा दीर दिवसातून पन्नास वेळा ‘वहिनी, वहिनी’ करत मागे असायचा. ते ऐकून शेजारी, गिऱ्हाइकं, टपालवाला, सगळ्यांच्याच त्या वहिनी होऊन बसल्या. आता त्यांना सत्तावन्नावं चालू होतं आणि धाकट्याचे केस कानांपुरते उरले होते. तो एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी नात्यातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर, कुणी सांगो न सांगो, सुधारत फिरायचा.

वहिनींचं टायपिंगचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एकच खोली. एक टेबल, कापड पांघरून बसलेला प्रिंटर, खिडकीपाशी पाठ टेकायला उशी ठेवलेली हातांची खुर्ची. ती खुर्ची मास्तरांची. मास्तरांनी चाळीस वर्षं कार्यशाळेत सुतारकाम शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, आणि हात रिकामे झाले म्हणून डोक्यात होतं ते बाहेर काढायला त्यांनी सुरुवात केली. हत्यारांचा कोश. रंध्यापासून गिरमिटापर्यंत प्रत्येक हत्यार, त्याचे भाग, ते कसं धरायचं, कसं धरू नये, कुठे धरल्यावर बोट जातं. गेली नऊ वर्षं रोज चार वाजता ते काठी टेकत यायचे, सांगायचे, वहिनी टाईप करायच्या, मग पडद्यावरून वाचून दाखवायच्या, मास्तर चुका काढायचे. सहाशे चाळीस पानं झाली होती. एकही पान कागदावर नव्हतं. कागद काढायचा कुणासाठी? मास्तरांना दिसत नव्हतं, आणि वहिनींना पडद्यावर दिसत होतं.

मास्तर आता शहाऐंशीचे. डोळ्यांपाठोपाठ डावा कानही गेला होता. शेवटची चार हत्यारं राहिली होती. उजवा कान चालतोय तोवर सगळा कोश एकदा पहिल्यापासून ऐकायचा आणि मग छापायला द्यायचा, असं ठरलेलं.

आणि नेमकं आताच या शहाण्याला सुधारणा सुचली.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, हे वहिनींनाही मान्य होतं. सकाळी चालू केला की केर काढून, पाणी भरून, टेबल पुसून झालं तरी तो आपला विचारच करत असायचा. धाकटा म्हणाला, सिस्टिम जुनी आहे, एक दिवस कायमची बसेल, अपग्रेड करून देतो. वहिनी म्हणाल्या, कर, पण माझी एक फाइल जरी गेली तरी या घराची पायरी चढायची नाही. नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. दोन दिवस बसून त्यांनी फुलस्केप कागदांवर पेन्सिलीने यादी केली. दोनशे बारा फायली. प्रत्येकीचं नाव, पानं, शेवटची ओळ.

धाकटा यादी बघून हसला होता. पण त्याने ती पाळली, हे कबूल करायला हवं. शुक्रवारी कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेला, रविवारी परत आणला, सोबत एक नवा कीबोर्डही. दोनशे बारा नावांपुढे दोनशे बारा लाल खुणा. प्रत्येक फाइल मोजून आलेली. नवी सिस्टिम अशी की बटण दाबल्याबरोबर पडदा हजर, मागे निळा डोंगर. वहिनींनी पहिली फाइल उघडली आणि कप आदळला.

“मी अपग्रेड कर म्हणाले होते. पुसून काढ कोण म्हणालं?”

“जुन्यावर नवं चढवलं की घाण तशीच राहते, वहिनी. म्हणून फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क साफ केली, नवी सिस्टिम टाकली. योग्य पद्धत हीच.”

“आणि ह्यांचा फॉन्ट?”

धाकटा पुन्हा चष्म्याकडे वळला.

वहिनींचे यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं गेली, छापखाना गेला, घरात कॉम्प्युटर आला, आणि त्यातली तयार अक्षरं बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, याला जोडाक्षरं म्हणतात? ही तर बसमध्ये एकमेकांना रेटणारी माणसं. मग दोन वर्षं ते स्वतःचा फॉन्ट काढत बसले. प्रत्येक अक्षर आधी कागदावर, मग पडद्यावर. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, हेही त्यांचं त्यांनी ठरवलेलं. जगात दुसऱ्या कुणाचं तसं नव्हतं. पुढेही भर घालत राहिले. एखादं जोडाक्षर मनासारखं झालं नाही की नवं काढायचे, जुनं आपलं जुन्या जागी राहायचं. बावीस वर्षं वहिनींनी त्याच अक्षरांत टाईप केलं. मधे डबा एकदा बदलला होता, पण तेव्हा हे होते, त्यांनी फॉन्ट आठवणीने नव्या डब्यात नेला. ते गेले त्याला सात वर्षं झाली.

आणि वहिनींनी फायलींची यादी केली, तीत फॉन्ट लिहिला नाही. खरा राग इथे होता. घर बदलताना माणूस भांड्यांची यादी करतो, कपड्यांची करतो. मुळाक्षरं कुणी यादीत लिहितं का? त्या आपल्याच कपाळावर हात मारून घेणार होत्या, पण समोर धाकटा असताना आपलं कपाळ बडवायची काय गरज होती.

“तू तो बघितलास का?”

“फॉन्ट साडेतीनशे होते त्या फोल्डरमध्ये. नव्या सिस्टिमबरोबर ते आपोआप येतातच. एक ‘नवीन१’ असा दिसला खरा. मला वाटलं कुणीतरी गंमत म्हणून काहीतरी…”

“कुणीतरी?”

“त्याला नावच नव्हतं, वहिनी! नाव असतं तर मी थांबलो असतो. ‘नवीन१’ म्हणजे काय? असल्या हजार फायली रोज पुसतो मी.”

“सख्ख्या भावाने दोन वर्षं डोळे फोडून केलेली वस्तू तुला ओळखू आली नाही. त्यांनी तुला दाखवला होता. याच टेबलापाशी. आणि तू काय म्हणालास, आठवतंय? ‘दादा, कशाला एवढं? फॉन्ट फुकट मिळतात.’ आणि हसलास. त्यानंतर त्यांनी तो परत कुणाला दाखवला नाही. तू मेलास तरी तुझं ते हसणं मी विसरणार नाही.”

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. पण वहिनींना दया आली नाही. दया यायला वेळ कुठे होता? दोन वाजले होते आणि चारला मास्तर येणार होते.

मग शोधाशोध. ह्यांच्या खणात, रुमालात गुंडाळलेली एक सीडी होती, तिच्यावर फॉन्टची प्रत. या डब्याला सीडीची खाचच नाही. धाकटा रिक्षाने ऑफिसात जाऊन सीडी वाचायचं यंत्र घेऊन आला. सीडी फिरली, घरघरली आणि थांबली. उजेडात धरून बघितली तर तिचा मुलामा जुन्या आरशासारखा सोलवटला होता. पुसलेल्या डिस्कमधून काही परत येतं का, तेही त्याने पाहिलं. येत नव्हतं. नवी सिस्टिम नेमकी जुनीच्या जागेवर बसली होती, निळ्या डोंगरासकट.

चार वाजता काठीचा आवाज आला.

मास्तरांना खुर्चीत बसवून वहिनींनी सगळं सांगितलं. त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा अंगठा काठीच्या मुठीवर घासत होता, लाकडाला कुसळ राहिलं आहे का ते बघावं तसा.

“म्हणजे आहे, पण वाचता येत नाही,” ते म्हणाले.

“हो.”

“मला सवय आहे त्याची.” मग म्हणाले, “पण मला परत सांगणं होणार नाही, बाई. नऊ वर्षं नाहीत माझ्याकडे.”

धाकटा पुढे झाला. “काका, काहीतरी मार्ग निघेल. हल्ली टेक्नॉलॉजी इतकी…”

“तू गप्प बस!” वहिनी कडाडल्या. “मार्ग म्हणे. तुला अजून कळलेलंच नाही तू काय केलंस ते. थांब, दाखवते. हे बघ. मी बसले. ‘रंधा’ टाईप करते. बावीस वर्षं करते आहे, झोपेतसुद्धा करीन.” त्यांनी कळा अशा बडवल्या की टेबलावरचा बिनकानाचा कप थरथरला. “काय आलं? बघ काय आलं! हा रंधा आहे?”

पडद्यावर चार चिन्हं आली होती. एक इंग्रजी अक्षर, एक कंस, परत अक्षर, एक उभी रेघ.

वहिनींनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. त्याच पडद्यावर, वर, फाइलच्या पहिल्या ओळीत, तीच चार चिन्हं होती. अक्षर, कंस, अक्षर, उभी रेघ.

त्या वाकल्या. पहिल्या ओळीतलं पुढचं चिन्ह बघितलं आणि ती कळ दाबली. बोट गेलं तिथे, आणि बोटाबरोबर एक अक्षर तोंडात आलं. पुढची कळ. पुढचं अक्षर. डोळ्यांना समोर कचराच दिसत होता, पण बोटांना तो कचरा नव्हता. बोटांनीच तो घातला होता तिथे.

“रंधा,” त्या म्हणाल्या. आवाज अजून रागाचाच होता, पण हळू झाला होता. “लाकूड… साफ… करायचं हत्यार. घाई… असलेल्याने… याला हात लावू नये.”

“बरोबर,” खुर्चीतून मास्तर म्हणाले. “पुढे ‘लाकडाची रेघ बघून’ आहे.”

वहिनींनी पुढच्या सहा कळा दाबल्या. पुढे ‘लाकडाची’ होतं.

धाकट्याचा चेहरा उजळला आणि तो लगेच कामाला लागला, म्हणजे बोलायला लागला. “वहिनी, मग तर सोपं आहे! कुठल्या कळीवर कुठलं अक्षर ते मला सांगा, मी तक्ता करतो, एक छोटा प्रोग्राम लिहितो, सगळं आपोआप सरळ! ‘ठ’ कुठे आहे?”

वहिनींनी विचार केला. ‘ठ’ कुठे आहे ते त्यांना सांगता येईना. डोकं कोरं होतं. बोटं मात्र ‘ठोकणी’ म्हटल्याबरोबर गेली.

“चालेल, तुमची बोटं बघून तक्ता करू. शंभरातली पंचाण्णव अक्षरं तरी बरोबर येतील.”

“आणि पाच?”

“पाच-सहा चुका म्हणजे काहीच नाही हो. एकेक जोडाक्षर दादाने तीन-तीन ठिकाणी ठेवलंय, त्याला कोण काय करणार?”

“अरे, हा हत्यारांचा कोश आहे. पोरं यातून शिकणार आहेत कुठे बोट ठेवायचं ते. शंभरातल्या पाच जणांची बोटं तू देणार आहेस का परत? तुझी आपोआपची हौस बास झाली. आपोआपच गेला ना तो फॉन्ट? उद्यापासून ऑफिस सुटलं की इथे यायचं. जुना कीबोर्ड मी मांडीवर घेणार, वाचणार. तू नव्यावर टाईप करणार. तुझ्या त्या फुकटच्या फॉन्टमध्ये.”

“सहाशे चाळीस पानं?” धाकट्याने खुर्चीची पाठ धरली. “वहिनी, मला आपल्या अक्षरांत टाईप करता येत नाही. दोन बोटांनी करतो मी.”

“मग दोन बोटांनी कर. लाल खुणा मारायला एकच पुरलं होतं.”

मास्तर हसले. त्या दिवसभरात कुणी हसल्याचा तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी धाकटा यायच्या आधी वहिनींनी फायली तारखेप्रमाणे लावून घेतल्या. सगळ्यांत जुनी वर. आणि त्या दचकल्या. दोनशे तेरा होत्या. सगळ्यांत वर, यादीत नसलेली, लाल खूण नसलेली एक फाइल, बावीस वर्षांपूर्वीची. नाव ‘नवीन१’.

फॉन्ट! फोल्डरबरोबर आपोआप आला असेल! त्यांनी ती उघडली. फॉन्ट नव्हता. तोच कचरा, सात-आठ ओळींचा. आलेली आशा अशी खाली बसली की त्यांना रडू यायच्या ऐवजी परत रागच आला. तरी जुना कीबोर्ड मांडीवर घेऊन त्या एकेक कळ दाबू लागल्या. पहिल्या दोन ओळी अक्षरांच्या चाचणीच्या होत्या, क ख ग घ करत. पुढे ह्यांनी वाक्यं लिहिली होती.

ती वाचून झाल्यावर वहिनींनी कीबोर्ड मांडीवरून उतरवला नाही. मास्तर आले, बसले, त्यांनी काही विचारलं, वहिनींनी काहीतरी उत्तर दिलं. मनात एकच चाललं होतं. हे धाकट्याला सांगायचं की नाही? न सांगणं ही माया झाली असती. पण राग अजून जागच्या जागी होता, चांगला धगधगत होता. आणि नुसतं सांगून टाकणं त्यांना पुरणार नव्हतं.

साडेपाचला धाकटा आला. बॅग ठेवली, हात धुतले, गुन्हेगारासारखा कीबोर्डपुढे बसला. “कुठून सुरू करायचं?”

“पहिल्यापासून. मी सांगते तसं घाल. मधे बोलायचं नाही.”

वहिनींनी कीबोर्ड मांडीवर घेतला, पडद्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगायला लागल्या. धाकट्याची दोन बोटं अक्षरं शोधत कळांवरून भटकत होती. प्रत्येक शब्दाला अर्धा मिनिट.

“कॉम्प्युटर. घरी. येऊन. दोन. वर्षं. होतील.”

टक. टक. टक.

“स्वतःचाच. आणून. दिला. म्हणतो. ऑफिसात. जुना. पडून. होता.”

“काना कुठे असतो? हा, सापडला. हं.”

“खोटं. बोलतो. ऑफिसात. त्याला. अजून. टेबलसुद्धा. नाही.”

धाकट्याचं बोट ‘टेबल’पाशी अडखळलं. तो शब्द पूर्ण करायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने वर बघितलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

“ही नोंद कुठल्या हत्याराची, बाई?” मास्तरांनी विचारलं. “मी सांगितल्यासारखी वाटत नाही.”

“तुमची नाही, मास्तर. तुमच्या आधीची आहे.” आणि मग तसंच सपाट, “अक्षरं. मनासारखी. झाली. की. पहिली. धाकट्याला. दाखवायची.”

टक. आता दोन बोटांतलं एकच चालत होतं.

“फॉन्टला. नाव. मी. ठेवणार. नाही. तोवर. नवीन१. राहू. दे.”

धाकट्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. चष्म्याशिवाय त्याला कळा दिसत नव्हत्या, तरी तो वाकून, नाक जवळजवळ कीबोर्डला लावून, एकेक अक्षर घालत राहिला.

“नाव,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांची बोटं मांडीवरच्या कळांवर क्षणभर थांबली, “त्यालाच. ठेवायला. सांगायचं.”

खोलीत टकटक चालू राहिली, थांबली, परत चालू झाली. शेवटचा शब्द संपला तेव्हा धाकट्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीत ठेवले. त्याचे खांदे हलत होते. चौदा वर्षांचा होता तेव्हाही तो असाच आवाज न करता रडायचा, आणि तेव्हा वहिनी उठून जवळ जायच्या.

आज त्या उठल्या नाहीत.

“पूर्णविराम राहिला,” त्या म्हणाल्या. “तो घाल, मग रंधा घेऊ.”